दहा वाक्यं, सगळी खरी

जपानीच्या वर्गात पहिल्या दिवशी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, फळ्यावर ‘वाताशि वा … देस’ असं लिहिलं आणि मधल्या मोकळ्या जागेत आपापला व्यवसाय भरून एकेकाला वाक्य म्हणायला सांगितलं. वाताशि म्हणजे मी, देस म्हणजे आहे. लिहायचं ‘देसु’, पण बोलताना शेवटचा उकार गिळायचा. शनिवार-रविवारची सकाळची बॅच. आम्ही हिंजवडीवाल्यांनी झोपाळू आवाजात ‘मी कंपनीत नोकर आहे’ म्हणून टाकलं. अ‍ॅनिमे पाहून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी ‘मी विद्यार्थी आहे’ हे साधं वाक्य असं काही दरडावून म्हटलं, की सेन्सेई म्हणाल्या, “एवढं चिडायचं कारण नाही.” मग तिसऱ्या बाकावरून काका उठले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात शंभर पानी वही. वहीला खाकी कव्हर, कव्हरावर लेबल.

“सरकारी नोकराला काय म्हणतात?”

“कोमुइन.”

“मी निवृत्त आहे. ‘होतो’ कसं म्हणायचं?”

“भूतकाळ पुढे येईल, काकासान. तोवर ‘आहे’ म्हणा.”

“पण ते खोटं होईल.”

वर्गात कुणी हसलं नाही, कारण काका हसण्यासाठी बोललेच नव्हते. सेन्सेईंनी क्षणभर विचार केला आणि वाट काढली. “मग ‘कोमुइन जा आरिमासेन’ म्हणा. मी सरकारी नोकर नाही.” काकांनी वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “हे चालेल.” तेव्हापासून वर्गात नवीन कुणी आलं, की काका ताठ उभे राहायचे, कमरेत तीस अंशांत वाकायचे आणि आपण काय नाही ते सांगायचे.

मुलगी जपानमध्ये असते का, असं मी मधल्या सुट्टीत विचारलं. “नाही, कॅनडात.” मग जपानीच का? “फ्रेंचची बॅच भरली होती.”

नवी भाषा शिकताना थोडंफार खोटं बोलावं लागतं, हे आपण शाळेपासून धरूनच चालतो. ‘माझी सहल’ या विषयावर मी चार वर्षं माथेरान लिहिलं. माथेरानला पहिल्यांदा गेलो तो लग्नानंतर, आणि निबंधातला धबधबा तिथे शोधत बसलो. सेन्सेईंनी ‘दर आठवड्याला स्वतःची दहा वाक्यं लिहून आणा’ असं सांगितलं, तेव्हा मी लगेच एक तानाका-सान तयार केले. हे तानाका-सान रोज सहाला उठायचे, सातला न्याहारी करायचे, ट्रेनने ऑफिसला जायचे आणि रविवारी टेनिस खेळायचे. मी साडेआठला उठतो. शेजारचा पोरगा तर वाक्यं मोबाइलकडूनच लिहून घ्यायचा. ती इतकी सफाईदार असायची, की सेन्सेई त्याला दर वेळी ‘हे मोठ्याने वाचून दाखव’ म्हणायच्या आणि तो पाणी प्यायला जायचा.

काकांचं तसं नव्हतं. त्यांच्या लेखी ‘स्वतःचं वाक्य’ म्हणजे स्वतःच्या बाबतीत घडलेलं वाक्य. ‘मी काल चित्रपट पाहिला’ असं लिहायचं, तर काल चित्रपट पाहिलेला असला पाहिजे. आणि परवा पाहिला असेल, तर ‘परवा’ला शब्द काय ते विचारायला रात्री दहाला मला फोन.

हे खूळ कुठून आलं, ते ओळख वाढल्यावर कळलं. काका तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते आणि या काळात त्यांनी रोज लिहिलं. टिप्पण्या, प्रस्ताव, स्मरणपत्रं, स्मरणपत्राची स्मरणपत्रं. ‘सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ ही कार्यवाही कोण करतंय याचा या वाक्यावरून पत्ता लागत नाही, आणि तो लागू नये म्हणूनच ते असं लिहितात. तेहतीस वर्षांत काकांनी सरकारी कागदावर एकदाही ‘मी’ लिहिला नव्हता. त्यामुळे ‘वाताशि वा’ हाती लागल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो पाहण्यासारखा होता. पहिल्या दहा वाक्यांत दहा ‘वाताशि’ होते, आणि अक्षर असं काढलेलं की प्रत्येक ‘वाताशि’ला जणू स्वतंत्र प्लॉट दिलाय.

वही परत आली, तेव्हा दहापैकी आठ वाक्यांवर बरोबरची खूण होती आणि दोनांवर लाल गोल. काकांनी दोन्ही गोल काळजीपूर्वक पाहिले, ‘दोन चुका, ठीक आहे’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वर्गासाठी अर्धा किलो बाकरवडी आणली. निम्मी वाटून झाल्यावर घोटाळा सेन्सेईंच्या लक्षात आला. त्या चार वर्षं ओसाकाला राहून आलेल्या, हाताला तिथलं वळण लागलेलं. जपानी शाळेत उत्तर बरोबर असलं की गोल काढतात, त्याला ‘मारु’ म्हणतात. चुकलं की फुली, नाहीतर आपल्याकडची ही बरोबरची खूण. म्हणजे काकांची बरोबर वाक्यं दोन. काकांनी हातातली बाकरवडी संपवली, हात पुसले आणि म्हणाले, “शून्याला बरोबर म्हणणारा देश आहे. सांभाळून राहायला हवं.” वाटलेली बाकरवडी परत मागता येण्यासारखी नव्हती.

चुका बहुतेक ‘ला’च्या होत्या. इथे मराठी माणूस हमखास घसरतो, आणि घसरतो तो आपलं व्याकरण जपानीच्या फार जवळ आहे म्हणून. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, ‘चा’ला ‘नो’, ‘ने’ला ‘दे’. सगळं आपल्या घरच्यासारखं वाटतं, म्हणून माणूस चपला न काढताच आत शिरतो. आपण ‘पुण्याला जातो’ म्हणतो आणि ‘मुलाला बघतो’ही म्हणतो, दोन्हीकडे तोच ‘ला’. जपानीत जायच्या ठिकाणाला ‘नि’ लागतो आणि जे बघायचं त्याला ‘ओ’. उलट ‘पाव खातो’ म्हणताना आपण पावाला काहीच लावत नाही, तिथे मात्र ‘ओ’ लावावाच लागतो. काकांनी पुण्याला ‘ओ’ लावून पुणं खाल्लं होतं आणि पाव तसाच ठेवला होता.

पावाला जपानीत ‘पान’ म्हणतात. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांनी आणला, त्यांच्याकडेही पोर्तुगीजांनीच नेला, आणि दोन्ही शब्द मूळचे एकाच पोर्तुगीज शब्दाचे. हे कळल्यावर काका दोन दिवस खुशीत होते. आठवडाभर सकाळी चहाबरोबर पाव घेऊन ‘पान ओ ताबेमास, पान ओ ताबेमास’ घोकत होते. नाश्त्याच्या वेळेला पान खायचं हे नवीनच काय काढलंय, असं काकूंनी शेजारी विचारल्याचंही माझ्या कानावर आलं.

खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी पंचाईत क्रियापदांची झाली. सहाव्या धड्याच्या सुमाराला क्रियापदांची रांग लागते. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कुणी तरणाताठा नोकरदार असावा. तो बिअर पितो, टेनिस खेळतो, सिगारेट ओढतो, मित्रांना भेटतो, फोटो काढतो. काकांनी यातलं काहीच केलेलं नव्हतं, आणि खोटं लिहायचं नव्हतं. मग त्यांनी नकारार्थी दहा वाक्यं लिहिली. बिअर पीत नाही. सिगारेट ओढत नाही. टेनिस खेळत नाही. फोटो काढत नाही. पान वाचताना सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या दारात उभं असल्यासारखं वाटत होतं. सगळ्या वाक्यांना मारु मिळाला, पण खाली सेन्सेईंनी मराठीत लिहिलं होतं: काकासान, पुढच्या वेळी थोडं काहीतरी करा.

शिवाय सगळे ‘वाताशि’ लाल रेघेने खोडलेले. जपानीत प्रत्येक वाक्यात ‘मी’ म्हणत नाहीत, समजून घेतात. “दहा वाक्यांत दहा वेळा ‘मी’ म्हणजे फार मी मी केल्यासारखं वाटतं हो,” असं सेन्सेई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. तेहतीस वर्षांनी मिळालेला ‘मी’ दीड महिन्यात गेला. काकांनी वही मिटली, उघडली आणि मला म्हणाले, “म्हणजे कोण करतंय ते इथेही लिहायचं नाही. मग आमचं खातं काय वाईट होतं?”

पण ‘थोडं काहीतरी करा’ हा शेरा त्यांनी आदेश म्हणून घेतला. वरून शेरा आला की कार्यवाही करायची, हे अंगात मुरलेलं. पुढच्या आठवड्यापासून काका वाक्यांसाठी जगू लागले. ‘पत्र लिहिणे’ आलं, तर पोस्टात जाऊन अंतर्देशीय पत्र घेऊन आले आणि नाशिकच्या मेहुण्याला चार ओळी खरडल्या. मेहुणा घाबरून दुसऱ्याच दिवशी फोनवर, “दाजी, सगळं ठीक ना?” ‘बागेत फिरणे’ आलं, तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेले. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, म्हणून तिथलं फिरणं त्यांना जास्त अधिकृत वाटत होतं. तळ्यातले मासे बघितले आणि ते मोजायला कोणता प्रत्यय लागतो, हे विचारायला तिथूनच मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये होतो. माझे तानाका-सान आरामात टेनिस खेळत होते.

सातवा धडा देण्याघेण्याचा. ‘आगेमास’ म्हणजे देणे. शुक्रवारी संध्याकाळी फोन.

“गेल्या आठवड्यात मी कुणाला काही दिलेलं तुला आठवतंय का रे?”

“लाइट बिल, काका?”

“ते भरलं. भरणं वेगळं.”

मग पावसातून छत्री घेऊन बाहेर पडले. सिग्नलजवळ गजरेवाली होती, पण गजरा घेऊन चालणार नव्हतं. ‘हाना’ म्हणजे फूल, आणि गजऱ्याला जपानी शब्द आपल्याकडे नाही, तेव्हा वाक्य अर्धं खोटं झालं असतं. म्हणून सोनचाफ्याची सुटी पाच फुलं घेतली, रुमालात गुंडाळून आणली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकूंपुढे धरली.

पुढचं काकूंच्या तोंडून ऐकलेलं. त्या म्हणाल्या, देवाला ना, ठेवा तिकडे ताम्हनात. हे म्हणाले, नाही, तुला. काकूंनी गॅस बंद केला, स्टुलावर बसल्या आणि विचारलं, “कसले रिपोर्ट आलेत?”

शनिवारी वहीत वाक्य होतं: ‘त्सुमा नि हाना ओ आगेमाशिता.’ बायकोला फुलं दिली. कर्ता गाळलेला, ‘नि’ जागच्या जागी, ‘ओ’ जागच्या जागी. सेन्सेईंनी त्यावर नुसता मारु नाही काढला, गोलाभोवती पाकळ्यापण काढल्या. याला हानामारु म्हणतात, म्हणजे फुलाचा गोल. तिकडे तो शाळेतल्या लहान मुलांना मिळतो. काकांनी ते पान काकूंना दाखवलं, आणि काकूंना तेव्हा कळलं की आजार नाही, गृहपाठ आहे. त्यांनी फुलं डोक्यातून काढली नाहीत, पण पुढचे तीन दिवस मराठीतही फारसं काही बोलल्या नाहीत. त्यामुळे त्याच धड्यातल्या दुसऱ्या क्रियापदाचं, म्हणजे ‘मोराइमास’, मिळणे, याचं वाक्य अडून राहिलं. अखेर चहा मिळाला तो मंगळवारी. त्यातही ‘ओचा’ लिहायचं नव्हतं, कारण ओचा म्हणजे त्यांचा हिरवा चहा, आणि तो काकांच्या घरी कुणी पीत नाही. आपला तो ‘कोचा’.

काकांच्या स्वभावाला न मानवलेला धडा एकच, नकाराचा. कुणी ‘येता का’ विचारलं आणि जायचं नसेल, तर जपानी माणूस नाही म्हणत नाही. ‘चोत्तो…’ म्हणतो, म्हणजे ‘जरा…’, आणि वाक्य हवेत सोडून देतो. समोरच्याने समजून घ्यायचं. काकांनी हा प्रयोग सोसायटीच्या सेक्रेटरीवर केला. पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला तो आला, तेव्हा काका मान किंचित तिरकी करून म्हणाले, “जरा…” सेक्रेटरी म्हणाला, “काका, चक्कर येतेय का? बसा, बसा.” पाणी दिलं, पंखा लावला आणि वर्गणी काकूंकडून घेऊन गेला. त्यानंतर काका नकार मराठीतच देतात.

दहाव्या धड्यात ‘आहे’ची दोन रूपं येतात. जिवंत असेल तर ‘इमास’, निर्जीव असेल तर ‘आरिमास’. तळ्यातला मासा इमास, मंडईतला मासा आरिमास. ड्रायव्हर बसलेली टॅक्सी उभी असेल तर तिला कधीकधी इमासही म्हणतात, असं सेन्सेईंनी सांगितलं. तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, ‘येणार नाही’ म्हणणाऱ्या रिक्षाला काय म्हणायचं? वर्ग हसत होता आणि काका पेनाचं टोपण चावत होते. गणपती चार दिवसांवर आला होता.

“सेन्सेई, गणपती?”

“गणपती काय?”

“आरिमास की इमास?”

सेन्सेई म्हणाल्या, मूर्तीबद्दल बोलत असाल तर आरिमास, देवाबद्दल तर इमास. काकांनी वहीत रेघ मारून तक्ता केला. “म्हणजे चतुर्थीला सकाळी आरिमास. प्राणप्रतिष्ठा झाली की इमास. उत्तरपूजा करून मूर्ती जागची हलवली की पुन्हा आरिमास. बरोबर?” सेन्सेईंनी खडू खाली ठेवला. हे ओसाकाला माझ्या सरांना विचारावं लागेल, असं म्हणाल्या, पण सांगितलं मात्र की गणपती जपानमध्येही आहे. बौद्ध मंत्रयानाबरोबर गेलेला. कांगितेन म्हणतात, शोतेनही म्हणतात. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामाला त्याचं मोठं देऊळ आहे आणि तिथे नैवेद्याला मुळा वाहतात. मोदकाऐवजी मुळा, हे ऐकून वर्ग हळहळला. काकांनी फक्त विचारलं, “मुळा मोजतात कसा?” लांब वस्तू ‘होन’ने मोजतात. दोन मुळे म्हणजे निहोन, दोन उदबत्त्याही निहोन, आणि जपानचं त्यांच्या भाषेतलं नावही निहोन.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमची एन-फाइव्हची परीक्षा आहे. एकूण गुण १८०, पास व्हायला ८०. परीक्षेत एकही वाक्य लिहायचं नसतं. तीन-चार पर्याय, एक गोळा, पेन्सिलीने काळा करायचा. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा वाटलं की बिचारे खचतील. ते म्हणाले, “बरं झालं. म्हणजे यात परीक्षेची लुडबुड नाही.” आणि वही पुढे सरकवून विचारलं, “इथे ‘गा’ येईल की ‘वा’?” त्याचं उत्तर मला आजही येत नाही.

काकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावलं होतं. आरती झाली, उत्तरपूजा झाली, गॅलरीत ठेवलेल्या बादलीत विसर्जन झालं. मोकळ्या चौरंगावर तांदळाची रास आणि तिच्यात मूर्तीच्या बुडाचा गोल ठसा तेवढा राहिला. काका हात पुसत थेट टेबलाशी बसले आणि वही उघडून लिहू लागले. मी मागून डोकावलो. ‘किनो गानेशा गा इमाशिता.’ काल गणपती होता. खालची ओळ लिहायला त्यांनी वेळ घेतला. ‘क्यो वा इमासेन.’ आज नाही. मग पेन ठेवून ते बराच वेळ गॅलरीकडे बघत राहिले. पुढच्या शनिवारी त्यावर मारु आला, आणि सेन्सेईंनी तो नेहमीपेक्षा लहान काढलाय असं मला वाटलं, पण तो माझा भासही असेल.

त्याच संध्याकाळी काकूंनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. ताटलीत वाटली डाळ आणि कालचा एक मोदक ठेवला, आणि हळूच विचारलं, “तुमच्या त्या पुस्तकात पुढे काय काय आहे रे?”

“म्हणजे?”

“म्हणजे धडे. पत्राचा झाला, बागेचा झाला, फुलांचा झाला. पुढे?”

मी सांगितलं: पोहायचं आहे, डोंगर चढायचा आहे, गाडी चालवायची आहे. काकूंनी नको नको असा हात केला.

“केर काढायचा नाही का? कपडे धुवायचा?”

पुस्तक माझ्या पाठीवरच्या पिशवीतच होतं. पानं चाळली. “आहेत की. दोन्ही एकाच धड्यात. एकोणिसावा.”

“आणि आत्ता कितवा चाललाय?”

“अकरावा.”

काकूंनी बोटांच्या पेरांवर आठवडे मोजले, मध्ये थांबून भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं, एक पान उलटलं, आणखी एक उलटलं.

“दिवाळीच्या आधी येतोय,” असं म्हणून त्यांनी माझ्या ताटलीत दुसरा मोदक ठेवला. “तुमच्या बाईंना म्हणावं, मध्ये सुट्टी नका देऊ.”